मला न आठवणारे माझे किस्से

शाळेच्या स्टाफरूममध्ये उभा जन्म गेला की किस्से साचणारच. माझी पंचाईत एवढीच, की त्यातले निम्मे माझेच असून मला आठवत नाहीत! मला बायपोलर आहे. आमच्या भिवंडीत सुताला तेजी-मंदी येते, तशी मला मनाची. तेजीत काय बोललो ते नंतर धड आठवत नाही आणि मंदीत आपण कधी हसलो होतो हेही आठवत नाही. गोळ्या चालू आहेत. उरलेलं स्टाफरूम आठवून देतं.

\*

याचा आमच्या शेखसरांनी पुरेपूर फायदा घेतला. एकदा स्टाफरूमचा माठ फुटला. मुख्याध्यापिका मॅडमनी विचारलं, "कोणी फोडला?"

"साठेसरांनी. तेजीमध्ये!" शेखसरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी निमूटपणे नवा माठ आणला. मग शिपाई म्हणाला, "सर, पण तेव्हा तुम्ही रजेवर होता ना?"

\*

एका तेजीत मी शेखसरांसकट स्टाफरूममधल्या तिघांना अकलोलीच्या गरम कुंडांचं आमंत्रण दिलं. "रविवारी सकाळी घरी या, गाडी माझी!" रविवार उजाडेपर्यंत मंदी लागली आणि आमंत्रण साफ पुसलं गेलं.

बेल वाजली. दार उघडतो तर तीन पुरुष, खांद्यावर टॉवेल, झोपमोडीमुळे एकदम गप्प. मी चपला शोधतच विचारलं,

"कोण गेलं?"

शेखसर म्हणाले, "अभी तक तो कोई नहीं. चला, अंघोळीला!"

\*

पुढे डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं बरं कधी वाटलं होतं?"

"कधीच नाही," मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

बायको उसळली. "काहीही काय! अकलोलीला कुंडातून बाहेर यायला तयार नव्हते. शेखसरांनी पँट पळवायची धमकी दिली तेव्हा निघाले!"

डॉक्टर हसले. मला मात्र भीती वाटली. एवढी मजा केली आणि माझ्याकडे तिचा मागमूस नाही? असं एकेक करत सगळंच गेलं तर?

\*

यंदा दिवाळीनंतर पुन्हा मंदी आली. शाळा नाही, अंघोळ नाही, फोन बंद. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तेच तिघे, खांद्यावर टॉवेल.

मी तोंड उघडायच्या आत शेखसर म्हणाले, "कोई नहीं गया. परवा तुम्हीच फोन करून बोलावलंत. विसरलात ना, सर?"

मी आठवून पाहिलं. परवा मी अंथरुणातून उठलोसुद्धा नव्हतो.

"विसरलो असेन," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको आतून माझा टॉवेल घेऊन आली. दुसऱ्या हातात डबा होता, चौघांना पुरतील एवढ्या गरम थालीपिठांचा!