वंदना दिसली नाही

माझा स्वभाव भांडकुदळ, हे आधीच सांगून टाकते. आमचं घर आजोबांच्या काळातच बौद्ध झालेलं. कोणी आडनाव विचारलं तर पुरं सांगायचं, मान वर करून, ही वडिलांची शिकवण. तरुणपणी नागपुरात भाड्याची खोली शोधताना घरमालक दारातच ते विचारायचे. मी सांगायचे, समोरचा चेहरा उतरलेला पाहायचे आणि दोन शब्द सुनावूनच जिना उतरायचे. खोली मिळायची नाही, पण भांडायचं कोणाशी ते तरी कळायचं.

गेल्या वर्षी माझी मुलगी इंजिनिअर होऊन घरी बसली होती. तिची मैत्रीण आमच्याच गल्लीतल्या विणकरांची लेक, देव्हारा असलेल्या घरातली. वर्ग एकच, मार्क आमच्या पोरीचे जास्त. एका दुपारी दोघी दिवाणावर फोन घेऊन बसल्या होत्या.

मैत्रीण म्हणाली, "ट्रेनी इंजिनिअरचा फॉर्म भरला ना वं? आज लास्ट डेट हाय."

"कोणता फॉर्म?"

"अवं, आठ दिवसांपासून रोज जाहिरात येऊन राहिली. तुले नाही आली?"

मुलीनं आपला फोन पुढे केला. तिथे बुटीबोरीच्या कारखान्यात पॅकिंगला मुली हव्या होत्या, मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड हवी होती, आजाऱ्याजवळ राहायला बाई हवी होती. दोघींची डिग्री एक, वय एक, गल्लीसुद्धा एक. मुलीनं घाईघाईनं फॉर्म भरायला घेतला, पण पाचला मुदत संपली आणि तो अर्ध्यावरच बंद झाला.

'ही जाहिरात मला का दिसते' असं तिथेच एक बटन होतं. दाबलं तर उत्तर आलं, तुमच्या आवडींवरून. आवडींची यादी उघडली. जयंतीची गाणी, दीक्षाभूमी, विहाराचा ग्रुप, आणि दर रविवारी कुही गावातल्या माझ्या मावशीला फोनवरून दाखवलेली बुद्धवंदना. मावशी अंथरुणाला खिळलेली. मुलगी विहारात स्टुलावर फोन उभा करायची, मावशी तिकडे पडल्या पडल्या हात जोडायची. यादीत जात कुठेच नव्हती. पण यादी वाचून ती कोणालाही कळली असती. कदाचित कारण दुसरंच असेल, पण ते विचारायचं कोणाला? इथे दारही नव्हतं आणि दारात उभा माणूसही नव्हता.

"ते सारं काढून टाक," मी म्हणाले.

"आई, तूच तं सांगते, आडनाव पुरं सांगायचं."

"माणसाले सांग. फोनले काहून सांगतं?"

तिनं फोन हातात घेतला. एकेक गाणं काढत गेली, ग्रुप सोडला. हे राहिलं, ते राहिलं, असं बोट मीच दाखवत होते. मावशीच्या वंदनेला तेवढा हात लावला नाही. मग तिनं उपवासाचे पदार्थ पाहिले, आरत्या लावल्या. महिनाभरात फोन हळूहळू तिच्याशी नीट वागू लागला. पॅकिंग गेलं, गार्ड गेली, आणि एका सकाळी ट्रेनी इंजिनिअरची जाहिरात आली. तिनं अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणंही आलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

मुलाखत तोंडावर आल्यावर मात्र तेवढीही जोखीम नको वाटली; त्या रविवारी विहारात स्टूल रिकामं होतं. मुलीचा फोन पर्समध्ये, बंद. माझा तर साधा बटनांचा. घरी पोचतो न पोचतो तोच त्यावर मावशीचा आवाज आला.

"काहून वं, आज वंदना नाही दिसली? मी हात जोडून पडून राहिली होती."

"नेट नव्हतं, मावशी."

घरमालकांना तोंडावर सुनावणारी मी, म्हाताऱ्या मावशीशी खोटं बोलले. मुलगी दारात चपला काढत होती. तिनं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी बी नेट नसंल ना?"

"असंल," असं मला म्हणता आलं नाही.