विकलेली चाल

नवी ओळ म्हणून दाखवायच्या आधी तो माझा मोबाइल टेबलावर पालथा घालायचा आणि वर आपली टोपी ठेवायचा. "ऐकतंय ते," म्हणायचा. मग कुठे गायचा.

नारायणगावात खताच्या दुकानावर माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. जत्रेची, हळदीची, देवाची गाणी इथे रेकॉर्ड होतात. गाणी लिहिणारे पुष्कळ येतात, तुमच्याही गावात एखादा असेलच. बाकीच्यांना गाणं चालेल का, याची धास्ती असते. याला गाणं चाललं तर काय, याची होती.

कारण त्याचं एक चाललं होतं. महाळुंगे पडवळकडचा हा धनगर. माझ्याकडे येण्याआधीच त्याने ते गाणं एका म्युझिक कंपनीला कायमचं विकून टाकलं होतं. मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं की या धंद्यात एक गाणं म्हणजे तीन वस्तू. शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. प्रत्येक वस्तू सुटी विकता येते, नाहीतर ठरावीक मुदतीपुरती वापरायला देता येते.

"ताई, मेंढी इकली की लोकर, दूध, समदं गेलंच की."

"भाऊ, गाणं म्हणजे मेंढी नव्हे."

"आता कळतंय. तवा कोन सांगत व्हतं?"

एका सकाळी तो चुलत्याला घेऊन आला. म्हणजे चुलत्यानेच त्याला आणला होता. जत्रेत त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांनी ढोलावर ओव्या म्हटल्या, कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओतला आवाजच गेला. म्हातारे नुसते तोंडं हलवत होते. कंपनीने गाणं नोंदवलेलं असलं, की तशी चाल कुठेही वाजली तरी व्हिडिओ साइटचं यंत्र ती पकडतं आणि आवाज बंद करतं. इथेही पकडली.

"आमची बी तोंडं इकलीस व्हय रं?" चुलता म्हणाला. "आमच्या आज्याची ओवी ती. तू कोन इकनारा?"

तो स्टुलावर बसून आपल्याच गुडघ्यांकडे बघत होता. म्हणाला, "ताई, चाल तीच हाय. ठेका वाढिवला, शब्द नवं घातलं. आपलीच हाय म्हनून दिली."

मी त्याला सरळ सांगितलं. परंपरेने आलेल्या चालीवर कोणाची मालकी नसते. तसं त्या साइटला लेखी कळवलं तर आवाज परत येईल. कळवलं मीही असतं, पण चाल बांधणारा म्हणून नाव त्याचं, त्यामुळे वजन त्याच्या सहीला. आणि कंपनीच्या करारात त्याने उलटंच लिहून दिलेलं. 'चाल नवी, माझी स्वतःची.' दोन्हींखाली सही त्याचीच असणार.

"मंजे मी लबाड."

"कागदावर, हो."

त्याने पाणी मागितलं आणि प्यायला नाही. हा माणूस मेंढ्यांत बिबट्या शिरला तेव्हा एकटा काठी घेऊन बाहेर पडला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी त्याला त्याची आठवण करून दिली.

"बिबट्या दिसतो तरी, ताई. ह्यो कुठनं येनार?"

चुलता खिडकीपाशी गेला. त्याचा आवाज उतरला होता. "ऱ्हाऊ दे. घाबारलंय पोर. न्हाई गायलो तर काय मरत न्हाई आमी." पोर पन्नाशीचं होतं. त्या पोराने तेवढ्यात पेन उचललं आणि मी लिहून काढलेल्या पत्रावर सही केली.

काही दिवसांत ओव्यांना आवाज आला. मग कंपनीचा फोन आला, तेव्हा तो माझ्यासमोरच बसला होता. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती. "सर, चाल तुमची स्वतःची, असं तुम्हीच लिहून दिलं होतं ना? आमचे वकील बोलतील तुमच्याशी." ती शिव्या देती तर त्याने चार परत दिल्या असत्या. तो फोन कानापासून लांब धरून नुसता "जी, जी" म्हणत राहिला.

त्यानंतर तो आला नाही. कंपनीचे वकीलही बोलले नाहीत. पुढे बोलतीलही. मी आमच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, फार घाबरण्यासारखं काही नाही. हे सांगायला फोन करावा, तर त्याचा फोन बंद. चुलता म्हणाला, "मेंढ्यांमागं गेलाय. मानसांत येत न्हाई."

परवा जुन्नरच्या रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या. मेंढ्या हाकताना धनगराचं तोंड थांबत नाही. शीळ, हाका, शिव्या चालूच असतात. हा कळप मात्र मुका येत होता. पुढे तो, खांद्यावर घोंगडी. मी स्कूटर बंद केली आणि वकिलांचं म्हणणं सांगितलं. त्याने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत मान हलवली. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही.

एक कोकरू रस्त्याच्या मधोमध थांबलं होतं. समोरून ट्रक येत होता. एक हाक पुरली असती. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो डांबरावर काठी आपटत राहिला, आपटत राहिला. शेवटी ब्रेक मारला तो ट्रकवाल्याने.