घरापासून मोजायचं

मुलीला गणित मी मेमू गाडीत शिकवलं. हौस म्हणून नव्हे, तिच्याबरोबर निवांत वेळच तेवढा मिळायचा. मी भिवंडीजवळच्या वडपे गावात गोडाऊनमध्ये पॅकिंगला, शिफ्ट कधी सकाळची, कधी रात्रीची. तिच्या बाबांची कापडाच्या लूमवर तीच गत. पोरीला सांभाळणार कोण? म्हणून तिला पहिलीत घातली ती माझ्या माहेरी, जूचंद्रला. शनिवारी आणायची, रविवारी दुपारी सोडायची.

पहिल्या रविवारी भिवंडी रोडला गाडीत बसलो तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ती रडली असती तर मीही रडले असते. म्हणून म्हटलं, "चल, स्टेशनं मोजू. घरापासून मोजायचं. आपलं घर म्हणजे शून्य." खारबाव एक, कामण दोन, जूचंद्र तीन. शनिवारी येताना उलटं. भिवंडीचा फलाट दिसला की "शून्य" म्हणून ती माझा हात ओढायची. हळूहळू बेरीज-वजाबाकीही त्याच स्टेशनांवर उरकली. दोनावर आहोत, एक मागे आलो तर कुठे? घर किती लांब? शाळेतल्या बाईंनी तिचं कौतुक केलं, तेव्हा मी ते गोडाऊनभर सांगत फिरले. सुपरवायझर वैतागला, वैतागू दे.

दोन वर्षं अशी गेली. खोटं कशाला बोलू, खोलीत तिचा कंगवा दिसला की मी तो डब्यात लपवून ठेवायचे. यंदा अखेर मला कायमची दिवसपाळी मिळाली. जूनपासून पोरीला इथल्याच शाळेत घालायचं ठरलं. ही बातमी तिला गाडीतच द्यायची, ती शून्य म्हणाली रे म्हणाली की, असं मी मनाशी पक्कं केलं.

शनिवारी खारबाव गेलं. मी विचारलं, "आता काय येणार?"

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तीन."

"काय गं, एवढंही विसरलीस? शून्य येणार."

"नाही आई. जूचंद्र शून्य, कामण एक, खारबाव दोन. आता तीन." ती मलाच समजवायला लागली, अगदी माझ्यासारखं बोट नाचवत. "तूच सांगितलंस ना, घरापासून मोजायचं."

रागवायला तरी जागा हवी होती मला. पण तिचं काही चुकलंच नव्हतं. "बरोबर आहे," म्हटलं आणि तिचं दप्तर उचललं.

जूनचं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सोडायला गेले तर आईने ओटीवरूनच विचारलं, "सांगितलंस का गं पोरीला?"

"नाही सांगितलं."

पोरगी तोवर चपला भिरकावून आत पळाली होती.

परतीच्या गाडीत एकटीच होते. सवयीने मोजायला लागले. कामण एक, खारबाव दोन. तीनला उतरले.