घेण्यापूर्वी बाटली हलवावी

लेकीनं गाडीत बसतानाच बजावलं, "बाबा, आज फक्त बघायचं, हसायचं आणि मान डोलवायची. दवाखान्यातलं काही काढू नका." कंपाउंडरनी लगेच मान डोलावून दाखवली. छत्तीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या हाताखाली औषधाच्या बाटल्या भरल्या होत्या. होणारे व्याही मात्र द्राक्षमळ्याचे मालक, बडं प्रस्थ, आणि लग्नाला त्यांचा होकार अजून यायचा होता. मळा बघायला या, हे निमित्त. खरं म्हणजे माणसं जोखायची होती. आपल्यापायी पोरीचं जमलेलं फिसकटू नये, या धास्तीनं कंपाउंडरना रात्रभर झोप नव्हती.

वेलींच्या रांगा झाल्या, रस काढायचं यंत्र झालं, पिंपांनी भरलेलं तळघर झालं. मग चव घ्यायची वेळ आली. व्याह्यांनी वाइन तोंडात घोळवली आणि जाणकारांच्या रिवाजानं सरळ बादलीत थुंकली. कंपाउंडर हादरलेच. डोस थुंकणारा पेशंट त्यांनी कधी खपवून घेतला नव्हता. त्यांनी नाक चिमटीत धरलं, डोळे घट्ट मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला. लेकीनं कपाळावर हात मारला.

शेवटी व्याही म्हणाले, "मुलगा जन्मला त्या सालची एकच बाटली उरलीय. त्या कोनाड्यात आहे, तुम्हीच आणा." हा मान होता, एवढं कंपाउंडरना कळलं. तान्ह्या बाळासारखी ती बाटली त्यांनी टेबलापर्यंत आणली. आणि जन्मभर बाटल्यांवर 'घेण्यापूर्वी बाटली हलवावी' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या त्या हातांनी ती चांगली खळाखळा हलवली.

"अहो!" व्याही ओरडले. "अठ्ठावीस वर्षं धक्का लागू दिला नव्हता. सगळा गाळ वर आला की!"

कंपाउंडर शरमेनं अर्धे झाले. लेकीकडे बघायचा धीर होईना. पण ते म्हणाले, "चूक माझी आहे, पोरीला बोल लावू नका. मला एक नरसाळं, रिकामी बाटली आणि औषधपेटीतला कापूस द्या."

बाह्या वर सारून ते बसले. नरसाळ्यात कापसाचा बोळा, त्यातून थेंब थेंब वाइन. पाऊण तास हात हलला नाही की एक थेंब सांडला नाही. येरझारा घालणारे व्याही हळूहळू स्टूल ओढून शेजारी टेकले.

"कंटाळा नाही येत?"

"दवाखान्यात बाहेर पेशंट खोकत असायचा. मी घाई केली, तर गाळ त्याच्या पोटात."

व्याही उठले. नितळ झालेली वाइन त्यांनी पेल्यात घेतली, उजेडात धरली. लेकीनं श्वास रोखला. बादलीकडे न बघता व्याह्यांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि पेला घटाघटा संपवला.

"पुढचा डोस लग्नात घेऊ," ते तोंड पुसत म्हणाले. "फक्त बाटली मी आणीन."