सह्या पोचल्या, कार्डं राहिली

तुमच्या घरातलं चालतं यंत्र बाद ठरवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मीही नाही. त्याची ई-मेल मात्र मी वर्ध्याच्या सायबर कॅफेत वाचली आणि छापून एसटीने देवळीला आणली.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली होती. नागपूरच्या एका कार्यालयाने टाकून दिलेले चार कॉम्प्युटर मंडळाने तिथे आणून ठेवले होते. वस्तीतलीच एक ताई त्यांवर मुलींना टायपिंग आणि पत्रकांची अक्षरजुळणी शिकवायची. फी जेमतेम होती, पण तिचं आणि तिच्या आईचं घर त्यावरच चालायचं.

यंत्रांत फुकट मिळणारी ओपन सोर्स, म्हणजे कोणीही उघडून बदलू शकेल अशी, प्रणाली होती. पडद्यावर चित्र येतं ते ग्राफिक्स कार्डामुळे, आणि आमच्या कार्डांवरची लेबलं कधीच निघून गेली होती. कोणतं कार्ड कोणत्या बनावटीचं, हे सांगणारं एक छोटं साधन होतं, तेही ओपन सोर्स. ते नाव सांगायचं, ताई त्याप्रमाणे सेटिंग करायची आणि पडदा उजळायचा. चुकीचं सेटिंग झालं की काळोख.

मी अक्षरं पाटीवर कमी आणि माझ्या बाबांनी वस्तीसाठी लिहिलेल्या पत्रकांवर जास्त शिकले. बाबांचं लिहिणं कोणीही घ्यावं, छापावं, वाटावं असं असायचं. हे साधनही तसंच वाटलं. त्याचं पुढे काय करायचं याची चर्चा सगळ्यांसमोर चालायची, कोणीही बोलू शकायचं. मी त्या चर्चेची ई-मेल मागवू लागले.

अडचण मराठीची होती. जुन्या प्रणालीत जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. नव्या प्रणालीत मराठी नीट दिसायची, पण तिथे साधनाची नवी आवृत्ती लागणार होती. आणि त्या आवृत्तीचा आराखडा सांगणारी, साधन बनवणाऱ्या माणसाची ई-मेल म्हणत होती: जुनी कार्डं यादीतून काढणार आहोत, कोणी ती अजून वापरत असेल तर महिन्याच्या आत कार्डाचा अहवाल पाठवा.

संध्याकाळी खोलीत बैठक बसली. मी कागद वाचून दाखवला.

"म्हंजे आपले डब्बे बंद पाडून राह्यले काय?" मंडळाचे अध्यक्षकाका म्हणाले.

"बंद नाई, काका. आपलं कार्ड ओळखणार नाई ते," ताई म्हणाली.

"एकच झालं की!"

"अहवाल पाठवून देऊ ना मंग," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. "चार कार्डांचा अहवाल गेला, तर तो म्हणंल, चारच तर हायेत. काढा. त्याले माणसं दाखवा. निवेदन देऊ."

मलाही ते पटलं. आमच्या वस्तीत नळ आला तो निवेदनाने, रस्ता आला तो निवेदनाने. मोजायला बसलेल्याला आपण थोडे दिसू नये, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बाबांनी मजकूर लिहिला, मी इंग्रजी केलं. घरोघरी फिरून सह्या घेतल्या, म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले.

"त्या साहेबाले आपल्या मंडळाचा शिक्का समजंल काय वो?" काकांनी विचारलं.

"जांभळा शिक्का जगात सगळ्यालेच समजते," बाबा म्हणाले. खोलीभर हशा पिकला. त्या खोलीतला तो शेवटचा मोठा हशा.

निवेदन वर्ध्याला नेऊन स्कॅन करून पाठवलं. उत्तर आलं, सभ्य होतं. इतक्या लोकांनी सह्या केल्या हे पाहून बरं वाटलं, पण सह्यांवरून कार्ड तपासता येत नाही. प्रत्येक यंत्रावर साधन चालवून येणारा मजकूर जसाच्या तसा पाठवा.

महिना संपत आला होता. लोडशेडिंगमुळे दिवसभर वीज नाही, आली की अर्ध्यात जाणार. ताईने एकेक यंत्र चालू करून मजकूर घेतला. मी पेन ड्राइव्ह घेऊन वर्ध्याला गेले, तर तिथेही वीज नव्हती. अहवाल गेले तेव्हा मुदत संपली होती. त्याने लिहिलं, यादीतून कार्डं काढून झाली. तपासायला माझ्याकडे तसं एकही कार्ड नाही. साधन खुलं आहे, तुम्ही हवा तो बदल स्वतः करू शकता.

मी संतापून लांबलचक उत्तर लिहिलं. दार सगळ्यांना उघडं आहे म्हणता, पण जिथे वीज नाही, शिकवणारं कोणी नाही, तिथून ते दार किती कोस लांब आहे, हे आराखड्यात कुठे आहे? माझं म्हणणं आजही तेच आहे. उत्तर आलं नाही.

नव्या आवृत्तीत आमची चारही कार्डं 'अनोळखी' म्हणून आली. ताईने अंदाजाने सेटिंग केलं. दोन पडदे काळे पडले ते जुनी प्रणाली परत टाकूनही उजळलेच नाहीत. उरलेल्या दोघांवर जुनीच प्रणाली परत आली, आणि पूर्वीसारखीच फुटकी मराठी. मुली गळत गेल्या. मंडळाने खोलीत लग्नाच्या कढया आणि सतरंज्या ठेवल्या. ताई सेलूला एका कापड दुकानात लागली, आई मागे देवळीत एकटी. गेल्या वेळी बसस्टँडवर भेटली. "पडदे कायले फेकले नाई म्हटलं मी काकाले," ती म्हणाली, "तर काका म्हणते, चालू हायेत ना, कसे फेकू?"

ती हसली नाही. गाडी लागली, चढली.

तुमच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात, मंडळाच्या खोलीत असा जुना कॉम्प्युटर असेल तर तो आज खाली काढा. वीज आहे तोवर त्यावर ते साधन चालवा आणि पडद्यावर येईल तो मजकूर एक अक्षरही न बदलता, मुदत संपायच्या आत, ते बनवणाऱ्यांना पाठवा. सही करू नका. आधी कार्डाचा अहवाल पाठवा.