टोपलीतल्या चाव्या

लहानूबाबांनी आमच्या ओळखीच्या पहिल्याच मिनिटात माझ्या गाडीची चावी काढून कमरेच्या करदोट्याला अडकवली. शिवी नाही, आरडाओरडा नाही. डोक्यावर इरलं, हातात कोयता. चिखलात रुतलेल्या मोटरसायकलवर बसून मी नुसता आ वासून बघत राहिलो.

"उतरा," ते म्हणाले. "आन् खाली बगा, कशाव उभं हाव ते."

खाली भाताची रोपं होती. वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर असलेला मी, शहापुरात गॅरेज चालवणारा नित्या आणि आमचे दोन मित्र, असे आम्ही चौघे डांबरी रस्ता सोडून रानात गाड्या घालायचं खूळ घेऊन मुरबाडच्या अंगाला आलो होतो. समोरचा हिरवागार तुकडा बघून आम्हाला वाटलं, कुरण आहे. घातल्या गाड्या, मारल्या गोल गोल चकरा. माझा आजा जन्मभर भातशेती करत आला आणि मला रोपं वाढवायचा राब ओळखू आला नाही! वर तोंड करून मी म्हणालो, "बाबा, गवतच वाटलं हो."

"गवात नाय. वरसाचं खानं हाय माजं."

मग त्यांनी आम्हाला वाकवलं. चाकाखालून वाचलेली रोपं वेचून चौघांनी शेजारच्या खाचरात दुपारपर्यंत लावली. कंबरडं मोडलं. त्यांच्या बायकोने, सक्रीआजीने, आम्हाला कोरा चहा दिला. निघताना बाबांनी चावी परत केली आणि म्हणाले, "गाड्या फिरवायच्याच हायेत ना? मंग वाट मी दावतो. कुनाच्या पोटावरून जायची नाय." आमच्या क्लबची स्थापना झाली ती अशी. लोकांना फीत कापतानाचे फोटो दाखवायची हौस असते. आमच्याकडे असता तर चिखलात ओणव्या चार गाढवांचा असता.

पुढे दोन वर्षांत चाराचे तीस झालो. कल्याणहून, खर्डीहून पोरं यायला लागली. नाव काय ठेवायचं यावर महिनाभर भांडणं झाली आणि शेवटी 'टोपली रायडर्स' ठरलं, तेही बाबांमुळेच. राइड त्यांच्या अंगणातून सुटायची आणि तिथंच संपायची. परत आला की प्रत्येकाने आपली चावी बाबांच्या बांबूच्या टोपलीत टाकायची. बाबा एकेक चावी बोटाने बाजूला सारत मोजायचे. सगळ्या भरल्या की सक्रीआजी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढणार. एक जरी कमी असली तरी कुणाच्या ताटात काही पडायचं नाही.

एकदा कल्याणच्या एका नव्या मुलाची चावी आली नाही. आम्ही म्हटलं, येईल, फोटो काढत बसला असेल. बाबा तोवर टोपली आजीच्या हातात देऊन निघालेसुद्धा. तासाभराने त्याला पाठुंगळीला घेऊन आले. पाय मुरगळून ओढ्यात बसला होता बिचारा. नित्याने विचारलं, "बाबा, गाडी?" बाबा उखडलेच. "गाडी उद्या पन तिथंच रायल. मानूस रायतो का?"

राइडच्या आदल्या दिवशी ते अख्खी वाट अनवाणी चालून यायचे. "वाट आधी पायाला इचारायची. चाकाला काय कळतं?" हे त्यांचं नेहमीचं. खांद्याला चुन्याची पिशवी. वळणावर चुन्याचा बाण, आणि जिथे धोका तिथे फुली. फुली दिसली की गाडीवरून उतरायचं आणि ढकलत न्यायची. स्वतः मात्र मोटरसायकलवर एकदाही बसले नाहीत. किती विनवण्या केल्या! "माजं पाय हायेत ना," म्हणून हसायचे.

सगळ्यात मोठी फुली असायची बैलकड्यावर. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल घळ, मध्ये हातभर वाट. सगळे उतरायचे. मी उतरत नव्हतो. मला मस्ती होती, सरळ सांगतो. बाबांना ते ठाऊक होतं. कारण मातीत माझ्या चाकाची खूण दिसायची आणि बाजूला बुटाची दिसायची नाही. "शेट, तुमी उतरत नाय," ते मला चारचौघांत म्हणायचे. "एक दिस मला तुमाला खालून उचलाया लागंल." मी हसण्यावारी न्यायचो.

गेल्या फेब्रुवारीतला तो रविवार. अर्ध्या वाटेत, बैलकडा ओलांडल्यावर, घरून फोन आला. मेव्हण्याला बघायला पाहुणे आलेत, लगेच या. तिथून एक फाटा डांबरी रस्त्याला जातो. बाबांच्या अंगणात जाऊन सांगून यायचं तर दहा मिनिटांचा फेरा. दहा मिनिटांचा! मी ग्रुपवर 'घरी चाललोय' असं टाइप केलं, पाठवलं आणि गाडी फाट्याला वळवली. घरी येऊन पोहे खाल्ले, मेव्हण्याची थट्टा केली, फोन चार्जिंगला लावला आणि चक्क झोपलो. तो मेसेज गेलाच नव्हता. तिथे फोन लागायचा, पण नेट नव्हतं, आणि मी परत बघितलंच नाही.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. फोनवर नित्याचे सतरा कॉल. लावला, तर पलीकडून तो किंचाळला, "तू जिवंत आहेस?" आणि ढसाढसा रडायला लागला. मला वाटलं, माझ्यासाठीच रडतोय. मी हसलोसुद्धा. म्हणालो, "अरे वेड्या, घरी आहे मी." तो म्हणाला, "बाबा गेले रे."

एक चावी कमी होती. पोरं म्हणाली, थांबा, येईल. बाबा म्हणाले, "तो उतरला नसंल." तेवढंच बोलून ते बैलकड्याच्या दिशेने धावत सुटले. सत्तरीचा माणूस, पण एकालाही त्यांना गाठता आलं नाही. मी घळीत पडलोय असं समजून ते काठावरून वाकून मला हाका मारत होते. "शेट, ओ शेट." मागून येणाऱ्या पोरांना त्या हाका ऐकू येत होत्या. मग यायच्या थांबल्या. दगड सुटला होता पायाखालचा.

माझं डोकं अजून तिथेच अडकलंय. मी पोहे खात होतो. ते मला हाका मारत होते आणि मी पोहे खात होतो! ज्याने उभ्या आयुष्यात एक पाऊल चुकीचं टाकलं नाही, त्याचा पाय मी नसलेल्या जागी मला शोधताना सुटला. कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. कुणी मारली नाही. त्यांना वर आणायला एकोणतीस गाड्या उभ्या होत्या आणि एकही कामाची नव्हती. नित्याने आणि इतरांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खांद्यावरून अंगणात आणलं, चालत.

दिवसकार्य झाल्यावर मी गेलो. मोटरसायकल घेऊन जायची हिंमत नव्हती, तरी तीच घेऊन गेलो. सक्रीआजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पायाशी बसलो आणि म्हणालो, "आजी, माझ्यामुळे झालं. मी न सांगता घरी गेलो." वाटलं, आता ती बोलेल, हाकलेल.

तिने सूप बाजूला ठेवलं. आत जाऊन खुंटीवरची टोपली काढून आणली आणि माझ्यापुढे धरली.

"टाक रे," ती म्हणाली. "तुजीच रायली व्हती."

चावी आधी ओट्यावर पडली. ती उचलून मी टोपलीत टाकली. आजीने बोटाने ती बाजूला सारली, त्यांच्यासारखीच, आणि टोपली पुन्हा खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "बस. भाकर खाऊन जा."

गाडी त्याच अंगणात आहे. चावी मागायला मी गेलेलो नाही. त्या दिवशी जेवून चालत निघालो आणि बैलकड्यापाशी आलो. त्यांच्या हातची चुन्याची फुली अजून वाटेवर होती. मी तिच्याजवळ थांबलो आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खाली वाकून बघितलं.