पाइपाएवढा व्हॉल्व्ह

भेस्तानमधला माझा शेजारी सुकलाल पाटील शिरपूरकडून आला तेव्हा कापडाच्या गाठी उचलायचा. आज तो सचिन गावच्या वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, देखभालीचा सुपरवायझर आहे. लोकनाट्याच्या फडात मी जन्मभर राण्या रंगवल्या, पण मनातलं सगळं तोंडावर उमटणारा असा माणूस रंगमंचावरही पाहिला नाही.

परवा तो दारात आला, चेहरा पार उतरलेला. मागून त्याची बायको योगिता चहा घेऊन आली.

"मावशी, आते काय करू?" घाबरला की त्याच्या तोंडी 'आता'चं 'आते' होतं.

रंगवलेलं गरम कापड हळूहळू निववायला मशिनीत गार पाणी सोडतात. किती सोडायचं ते आपोआप उघडमीट करणारा एक व्हॉल्व्ह ठरवतो. नव्या मशिनीसाठी तो निवडायचं काम शेठनी पहिल्यांदाच सुकलालवर टाकलं. विक्रेत्याने हिशेब करून दोन इंची सांगितला. याने पाइपाएवढा, चार इंची घेतला. पुढे काम वाढेल म्हणून.

"पोराचे शर्टही हे वाढत्या अंगाचेच घेतात," योगिता म्हणाली. "अंगाला येईस्तोवर फाटतात."

"तू गप बस."

आता व्हॉल्व्ह जरा उघडला की पाण्याचा लोंढा येतो. कापड एकदम गार पडतं आणि मोडल्यासारख्या सुरकुत्या धरतं. शेठ विचारत होते, चूक कोणाची? खरं सांगितलं तर सुपरवायझरी जाणार. विक्रेत्यावर ढकललं तर कदाचित निभावेल.

"मोठा आहे तर थोडाच उघडायचा," मी म्हटलं.

"थोडाच उघडतो. तरी जास्त होतं. तेच तर कळत नाही."

मला फडातला भोंगा आठवला. मैदानासाठीचा तो, खोलीत लावला की बटण केसभर फिरवलं तरी कान बधिर व्हायचे. तसंच असेल, सुकलाल म्हणाला, पण खात्री त्यालाही नव्हती आणि मलाही.

"खरं ते सांग," मी म्हटलं. "नोकरी गेली तर सगळे माझ्याकडे जेवा."

त्याने तिथूनच फोन लावला, आम्हालाही ऐकू येईल असा. "सेठ, साइज मैंने बोला था. उसने तो छोटा ही बताया था."

पलीकडे शेठनी ऐकून घेतलं. मग, "अच्छा. छोटा मँगवा लो. लगाते टाइम तू खुद खड़ा रहना." फोन बंद.

"म्हणजे भरवसा आहे," सुकलाल म्हणाला.

"म्हणजे पाळत आहे," योगिता म्हणाली.

दोघं माझ्याकडे पाहू लागली. सारा जन्म मी आवाजावर काढला, पण शेठच्या त्या आवाजात राग होता की माया, मला सांगता येईना.